विहीणबाईंपर्यंत पाच मजले

तारीख ४, मंगळवार
तळमजला

विहीणबाईंना तळमजल्यावरून नमस्कार.

पत्र कुणाचं म्हणून उलटून सही शोधू नका, मीच आहे. तिसरी यत्ता अर्ध्यात सोडली तेव्हा जसं अक्षर होतं तसंच अजून आहे, त्याला वय लागलेलं नाही. दूधवालीला सांगितलंय की पिशवी देताना हे दाराखालून सरकव आणि मागे वळून बघू नकोस. ती म्हणाली, बॉम्ब आहे का आजी. मी म्हटलं, वाचणारीवर आहे.

फोन तुम्ही उचलत नाही. मी अकरा वेळा केला. बाराव्यांदा उचलला गेला तर तो भलताच नंबर. माणूस भला होता, बायको माहेरी गेलेली, घरात बोलायला कुणी नाही. वीस मिनिटं बोललो. त्याच्या बायकोचा स्वभाव आता मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. असो.

काम असं की काल माझ्या लेकीचा, म्हणजे तुमच्या सुनेचा, फोन आला. तीस तारखेला रविवारी जावईबापू येणार. तुमचं घर बंद करायचं आणि तुम्हाला गावाबाहेरच्या त्या वृद्धाश्रमात ठेवायचं. ते त्याला वृद्धाश्रम म्हणत नाहीत, 'सोय' म्हणतात. सात महिने तुम्ही खाली उतरला नाहीत, धड जेवत नाही, कुणाला आत घेत नाही, म्हणून त्यांना तिकडे लांब झोप लागत नाही. त्यांचंही चूक नाही. पण लेक म्हणाली की त्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही नुसतं 'बरं' म्हणालात. विहीणबाई, तुम्ही चाळीस वर्षं दवाखान्यात मेट्रन होतात. मोठमोठ्या डॉक्टरांना कधी 'बरं' म्हणाला नाहीत. तो शब्द ऐकून माझ्या हातातला चहा गार झाला, म्हणजे मी तो तसाच धरून बसले.

लेक म्हणाली, आई, त्या माणसांत आल्या, नुसत्या चार पायऱ्या उतरल्या तरी हे ऐकतील. तूच बघ काहीतरी.

तर मी येते वर. लिफ्ट एक तारखेपासून बंद आहे, कुठलासा भाग यायचाय म्हणे. जिन्याने येते. गुडघा अगदी छान आहे. डॉक्टरसुद्धा म्हणाले, चढा. एकदम नाही येणार, हप्त्याहप्त्याने येईन. त्या दिवसाचा विषय मी काढणार नाही, तुम्हीही काढू नका.

तुमच्या नातीची, म्हणजे माझ्याही नातीची,
आजी


तारीख १०, सोमवार
पहिला मजला, खुर्चीवरून

विहीणबाईंना पहिल्या मजल्यावरून नमस्कार.

अठरा पायऱ्या आहेत. तुम्ही इतकी वर्षं राहताय पण मोजल्या नसतील, लिफ्टवाल्या माणसांना हे कळत नाही. नवव्या पायरीवर भिंतीला एक खिळा आहे, तो कुणी कशासाठी मारला देव जाणे, पण धरायला बरा आहे.

पहिल्या दिवशी वर पोचले आणि कठड्याला धरून उभी राहिले. समोरचं दार उघडलं. जुळ्यांची आई. एक पोर खांद्यावर, एक काखेत, केसांचं घरटं झालेलं. म्हणाली, "आजी, तुम्ही होय? मला वाटलं पाण्याचा पाइप फुटला." म्हणजे माझा दम तसा वाजत होता. लाज वाटली, पण तिने खुर्ची आणून दिली.

खुर्चीवर बसल्यावर रिकाम्या हातांनी काय करायचं, म्हणून मी म्हटलं, एक दे इकडे. तिने दोन्ही दिली. देताना विचारसुद्धा केला नाही, स्टेशनवर हमालाकडे सामान द्यावं तशी दिली, आणि म्हणाली, "पाच मिनिटं, आजी. मी दार लावून आंघोळ करू?" चार दिवसांत तिने दार लावून आंघोळ केली नव्हती. पाचाची चाळीस मिनिटं झाली. बाहेर आली ती ओल्या केसांनी पॅसेजमध्ये जमिनीवरच बसली आणि रडायला लागली. मी विचारलं, काय झालं ग. म्हणाली, "काही नाही. आज दिवसभरात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी मोठ्या माणसासारखं बोललं." मी तर एवढंच विचारलं होतं की यांच्यातला मोठा कोणता.

आता रोज अकराला मी तिथे. खुर्ची आत न्यायची नाही, बाहेरच ठेवायची असं ठरलंय. धाकट्याचं टक्कल थेट आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं आहे. हे मी सेक्रेटरीला सांगितलं. त्याला ते फारसं आवडलं नाही, पण येता-जाता पोराकडे बघून जातो आणि स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवतो.

तुमचं काय? दूधवालीला विचारलं. म्हणाली, दार फटीएवढं उघडतं आणि नुसता हात बाहेर येतो. मी विचारलं, हात कसा आहे. म्हणाली, बारीक.

तेव्हा मी दोन पोरं धरली होती म्हणून मला पुढं काही विचारता आलं नाही.

गुडघा छान आहे.

आजी


तारीख १५, शनिवार
दुसरा मजला

विहीणबाईंना दुसऱ्या मजल्यावरून नमस्कार, आणि आधी एक विचारते. शुक्रवारी दुपारी साडेतीनला जिन्यातून आवाज आला तो तुमचाच ना?

मुळापासून सांगते. दुसऱ्या मजल्यावर ते बँडवाले राहतात, उंच, वाकलेले, कुणाशी बोलत नाहीत ते. जुळ्यांच्या आईने माझ्यासाठी तिथे दुसरी खुर्ची नेऊन ठेवली. पहिल्या मजल्यावरची उचलायची नाही म्हणाली, ती तिची झाली आता, दुपारी शेजारीण येऊन बसते. मी नव्या खुर्चीवर बसले तर कुठून तरी आवाज येतोय, म्हैस पोत्यात घातल्यासारखा. अर्धा तास ऐकला. मग दार वाजवलं आणि म्हटलं, "घरात कुणी आजारी आहे का?"

ते ट्रम्पेट होतं. हे गृहस्थ न्हाणीघरात दार लावून, ट्रम्पेटच्या तोंडात लोकरीचा मोजा कोंबून वाजवतात. नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी तक्रार केली होती, तेव्हापासून. तक्रार करणारा इमारत सोडून गेला त्याला सहा वर्षं झाली, मोजा तिथंच आहे. मी म्हटलं, "मोजा काढा बघू." ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला वाटलं मी काही भलतंच काढायला सांगितलं. म्हणाले, "आजी, आजपर्यंत लोकांनी मला हळू वाजवा सांगितलं, बंद करा सांगितलं. मोठ्याने वाजवा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या."

मग पॅसेजमध्ये उभे राहून वाजवलं. अहो, जिना आहे की विहीर, काय घुमलं ते. जुळी झोपली. खालून माणसं वर आली, वरची खाली वाकली. बँडवाल्यांचे कान लाल झाले आणि पाठ सरळ झाली, ते किती उंच आहेत ते आत्ता कळलं.

आणि तेवढ्यात वरून एक शब्द आला. "आवाज."

बस, एवढाच. विचारल्यासारखा नाही, रागावल्यासारखाही नाही, वॉर्डाच्या दारात उभं राहून म्हणावा तसा. सगळा जिना गप्प. एका बाईने तर हातातली पिशवी खाली ठेवून हात बाजूला सरळ केले. बँडवाल्यांनी घाईघाईने मोजा परत कोंबला, तो त्यांच्या खिशातच होता.

मला जो आनंद झाला तो मी कुणाला सांगू. दूधवाली म्हणाली, आज दार पुरतं उघडलं होतं आजी, त्यांनी मला विचारलं, तो कोण वाजवत होता आणि त्याला श्वास कुठे घ्यायचा ते कळत नाही का. मी तुमचा निरोप बँडवाल्यांना पोचवला. ते म्हणाले, बरोबर आहे त्यांचं, मी श्वास चुकीच्या जागी घेतो. विचारतात, आणखी काही सांगितलं का.

तीसला पंधरा दिवस उरले. मी चढतेय.

आजी


तारीख २०, गुरुवार
तिसरा मजला, उशीवरून

विहीणबाईंना तिसऱ्या मजल्यावरून नमस्कार.

आज मी आंदोलन करतेय असं मला कळलं.

तिसऱ्या मजल्यावर कोण राहतं ते तुम्हाला ठाऊक आहे. अर्जवाले. कचेरीतून निवृत्त झाले, पण अर्ज काही सुटला नाही. कबुतरांविरुद्ध अर्ज, पाण्याच्या वासाविरुद्ध अर्ज, समोरच्या इमारतीच्या सावलीविरुद्ध अर्ज. खाली अर्जदार म्हणून स्वतःच एकटे. मी तिथे टेकले आणि पाचच मिनिटांत ते पेन घेऊन बाहेर.

"आजीबाई, रोज बसता असं ऐकतो. किती दिवस बसणार?"

मी म्हटलं, "लागतील तितके."

"मागणी काय?"

"मागणी कसली? मला वर जायचंय."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "लेखी दिलंय का कुणाला?"

"रोज कशाला, चार-पाच दिवसांनी एक लिहिते. उत्तर येत नाही."

यात मी एक शब्द खोटा बोललेली नाही, हे तुम्ही मान्य कराल. पण दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर माझ्या खुर्चीमागे भिंतीवर पुठ्ठा. 'लिफ्टसाठी आजीबाईंचे बैठे आंदोलन. दिवस सोळावा.' खाली बारा मुद्द्यांचा अर्ज. सातवा मुद्दा, आंदोलकाच्या गुडघ्यांची जबाबदारी कोणाची. एकतीस सह्या. अर्जवाले पहिल्यांदाच केस विंचरून आले होते. मला हळूच म्हणाले, "आजीबाई, बावीस वर्षं अर्ज लिहितोय, माझ्या सहीखाली दुसरी सही कधी पडली नव्हती."

आता अशा माणसाला मी काय सांगायचं? की अहो, मी माझ्या विहिणीकडे निघालेय, मधे दम खायला बसलेय? माझ्याच्याने नाही झालं. शिवाय चहा आला होता.

संध्याकाळी सेक्रेटरी आले, उशी घेऊन. याला वाटाघाटी म्हणतात असं अर्जवाल्यांनी सांगितलं. मी एवढंच म्हटलं की उशी जरा टणक आहे. त्यावर अर्जवाले म्हणाले, "नोंद घ्या, आंदोलक समाधानी नाहीत." सेक्रेटरींना घाम फुटला. पुढच्या आठवड्यात लिफ्ट सुरू करतो असा शब्द देऊन गेले. टाळ्या पडल्या. बँडवाल्यांनी वाजवलं, आणि श्वास बरोबर जागी घेतला, मी लक्ष देऊन ऐकलं.

तुम्ही ऐकलंत का? दूधवाली म्हणते, दाराआड पावलं वाजली.

आजी


तारीख २४, सोमवार
चौथा मजला

विहीणबाईंना नमस्कार.

चौथ्या मजल्यावर कुणी राहत नाही. दोन्ही दारांना कुलपं. अर्जवाल्यांनी खुर्ची आणून दिली आणि ते खाली गेले. इथे फार शांत आहे. तुमच्या घरातलं घड्याळ इथं ऐकू येतं.

आज सेक्रेटरी इथवर चढून आले. म्हणाले, "अभिनंदन आजी, गुरुवारी लिफ्ट चालू. तुमच्या जावयांचाही रोज फोन होता. रविवारी सामान उतरवायचंय त्यांना, कपाट जिन्यात वळत नाही, म्हणून त्यांचं सगळं अडलं होतं. तुमच्या आंदोलनाने फार सोपं केलं बघा." आणि हसत हसत गेले.

म्हणजे लिफ्ट बंद होती म्हणून तुम्ही इथं होतात. आणि मी वीस दिवस चहा पीत, टाळ्या घेत, ती चालू करून घेतली. तुम्हाला घालवायची सोय तुमच्या विहिणीने उशीवर बसून केली.

विषय काढणार नाही म्हटलं होतं, पण आता काढते. इथं ऐकायलाही कुणी नाही.

व्याही गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी तुमच्या बाहेरच्या खोलीत माणसं बसली होती. सगळे जमिनीकडे बघत होते. मला ते सहन होईना. मी त्यांचा लिफ्टचा किस्सा सांगितला. लिफ्ट अडकली, दोन तास सगळी इमारत ओरडतेय, लिफ्टवाल्याने दार फोडून काढलं तर आत हे भाजीच्या पिशवीवर डोकं टेकून गाढ झोपलेले, आणि उठवल्यावर म्हणाले, "पाच मिनिटं आणखी चालतील का?" सगळे हसले. मी सगळ्यात जास्त हसले, तोंडावर पदर घेऊन, गदागदा. आणि तुम्ही आतून पाण्याचा तांब्या घेऊन दारात आलात. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. म्हणालात, "आता सगळ्यांनी निघावं."

मी त्यांच्यावर हसत नव्हते हो. मला तेवढ्यापुरतं वाटलं की ते आत्ता आतल्या खोलीतून येतील आणि म्हणतील, विहीणबाई, भाजी नव्हती ती, कोबी होता. पण तुम्हाला कसं दिसलं असेल ते मला कळतं. घरातलं माणूस गेलेलं, आणि दारात हसणारी विहीण. हे मला त्याच रात्री येऊन सांगायला हवं होतं. लिफ्ट तेव्हा चालू होती. मी आले नाही. भ्याले.

आणि एक. तुम्ही दार लावून घेतलंत ते सगळ्यांना कळलं, कारण तुमच्याकडे आधी माणसांची ये-जा होती. मी दार सताड उघडं ठेवून बसले होते म्हणून माझं कुणाला कळलं नाही. माणसं फाटकातून थेट लिफ्टमध्ये शिरायची. लेक-जावई लांब गेल्यापासून, आणि तुमच्याकडे येणं बंद झाल्यापासून, कित्येक दिवस असे गेले की मी फक्त त्या चुकीच्या नंबरवाल्यासारख्यांशीच बोलले. तो काही एकच नव्हता. मी मुद्दाम एखादा आकडा इकडचा तिकडे करायची.

हे मी लेकीला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

रविवारी तुम्ही गेलात तर मी चौथ्या मजल्यापर्यंत चढलेली राहीन, पुढं काय करायचं ते मला माहीत नाही.

आजी


तारीख २७, गुरुवार
पाचवा मजला, तुमच्या दाराबाहेर

विहीणबाई,

अर्जाच्या पाठकोऱ्या कागदावर लिहितेय, सांभाळून घ्या. लिफ्ट चालू झाली. पहिली फेरी आंदोलकाची म्हणून मला एकटीला आत घातलं. सगळ्यांना वाटलं मी एक मजला जाऊन परत येईन. मी पाचचं बटण दाबलं. खाली सगळे वाट बघत उभे आहेत, सेक्रेटरींच्या हातात भाषणाचा कागद आहे.

इथं खुर्ची नाही. प्रत्येक मजल्यावर ठेवली, इथंच कुणी ठेवली नाही. मी पायरीवर बसले आणि आता मला उठता येत नाही. हे नाटक नाही. गुडघा छान आहे असं मी दोनदा लिहिलं ते खोटं होतं. डॉक्टरांनी चढू नका म्हणून लिहून दिलंय.

दार उघडायचं नसेल तर नका उघडू. मी तुम्हाला न्यायला आलेली नाही, माफी मागायला आले होते, ती चौथ्या मजल्यावरून मागून झाली आहे. फक्त खाली कुणाला तरी हाक मारा. तुमच्या हाकेला लोक येतात.

कागद मीच सरकवतेय, हात पुरतोय का बघते.

आजी


तारीख १, सोमवार
तळमजला

विहीणबाईंना नमस्कार.

तुम्ही काल म्हणालात की आता रोज तोंडातोंडी बोलणं होतंय तर पत्र कशाला. पण काल जावईबापू आले तेव्हा त्यांच्याकडे तुमची पाठ होती. मी समोर बसले होते, मला सगळं दिसलं, तुम्हाला दिसलं नाही. ते बोलायला गेले तर तुम्ही मधेच 'पुढे' म्हणता. म्हणून लिहिते.

आधी गुरुवारचं एक मनात राहिलंय. तुम्ही दार उघडलंत ते माझ्या तोंडाकडे बघितलंच नाहीत, थेट गुडघ्याकडे. म्हणालात, "ही सूज आजची नाही. सहा पत्रं लिहिलीत, एकातही खरं लक्षण नाही." मी म्हटलं, "सहाव्यात आहे." तुम्ही म्हणालात, "उशिरा." मग माझा पाय स्टुलावर घेतलात, ओलं फडकं गुंडाळलंत. आणि मग फडक्याला गाठ मारता मारता म्हणालात, "कोबी होता, ते बरोबर आहे." ते तेवढं इथं लिहून ठेवते.

मला खाली सोडायला म्हणून तुम्ही लिफ्टमध्ये आलात आणि दार उघडलं तेव्हा सेक्रेटरी भाषण सुरू करणार होते. तुम्ही त्यांचा लालबुंद चेहरा बघितलात आणि म्हणालात, "बसा. शेवटचं बीपी कधी मोजलंत?" एवढा मोठा माणूस, जिन्याच्या पायरीवर बसला. तुम्ही वर जाऊन ते मशीन घेऊन आलात. नंतरचं अर्जवाल्यांचं काम. त्यांनी बीपी मोजायला येणाऱ्यांची यादी केली. शुक्रवारी नऊ, शनिवारी सोळा.

आता रविवार. सकाळी दहाला जावईबापू आले, दोन हमाल आणि खोक्यांची चळत घेऊन. लिफ्टने थेट वर गेले. मी दुसऱ्या मजल्यावर तुमच्या रांगेत अकरावी होते, मला जाळीतून दिसले. वर तुमच्या दाराला कुलूप. दोनदा बेल वाजली. मग "आई, आई" अशी हाक, मग धाडधाड पावलं. ते जिन्याने खाली पळत सुटले. चौथ्या मजल्यावर कुणी नाही. तिसऱ्यावर अर्जवाले वही घेऊन बसलेले, त्यांनी विचारलं, "नाव नोंदवलंय का?" जावईबापू म्हणाले, "माझी आई सापडत नाहीये." अर्जवाले म्हणाले, "त्यासाठी वेगळा अर्ज."

मग ते दुसऱ्या मजल्यावर आले आणि थांबले. पॅसेजमध्ये खिडकीजवळ खुर्ची, खुर्चीवर बँडवाले, त्यांच्या दंडाला पट्टा. तुमची पाठ. तुम्ही बँडवाल्यांना म्हणत होतात, "वाजवताना छाती भरता, पोट रिकामं ठेवता, हे चालणार नाही." इकडे तुमच्या लेकाचा चेहरा कसा होता सांगू? हरवलेलं पोर सापडल्यावर आईचा होतो तसा, आधी मारावं की आधी जवळ घ्यावं ते न कळलेला.

म्हणाले, "आई."

तुम्ही वळला नाहीत. "रांगेत."

"आई, मी आहे."

"मग शेवटी उभा राहा. आधी बाकीचे आलेत."

ते उभे राहिले. विहीणबाई, पंचेचाळीस वर्षांचा माणूस, दोन पोरांच्या आणि हमालांच्याही मागे. मागोमाग उतरलेले हमाल खोकी खाली ठेवून त्यांच्या आधीच रांगेत लागले होते. थोरल्या हमालाचा नंबर आला तेव्हा तुम्ही त्याला सांगितलंत, आज ओझं उचलायचं नाही. जावईबापू मागून म्हणाले, "आई, मग सामान कोण उतरवणार?"

"कुठलं सामान?"

तुम्ही हे पट्टा गुंडाळता गुंडाळता म्हणालात. जुळ्यांच्या आईने माझा हात एवढा दाबला की अजून दुखतोय. महिन्याभरापूर्वीच्या त्या 'बरं'ची मी किती धास्ती घेतली होती, आणि हे दोन शब्द.

मग त्यांचा नंबर आला. एकशे अठ्ठावन्न. तुम्ही मशीनकडे बघितलंत, त्यांच्याकडे बघितलंत. "काय खातोस तिकडे? झोपतोस किती? एवढ्या बीपीत गाडी चालवत आलास?" त्यांनी बाही खाली ओढली. "आठ दिवस इथं राहायचं. मीठ कमी. अर्धा तास जिना. पुढचे, या."

हे सगळं तुम्हाला माहीतच आहे. तुम्हाला माहीत नाही ते असं, की तिथून उठून ते पहिल्या मजल्याच्या वळणावर गेले, त्या जुळ्यांच्या खुर्चीपाशी. मी कठड्यावरून वाकून बघत होते, मला कुणी चहाडखोर म्हटलं तरी चालेल. त्यांनी फोन लावला. त्या 'सोयी'वाल्यांना. म्हणाले, "ती खोली देऊन टाका दुसऱ्या कुणाला. नाही, नाही, आई येत नाहीये. हो, बरी आहे. मी? नाही, मला आत्ता निघता यायचं नाही, मला इथं ठेवून घेतलंय."

फोन खिशात घातला. बाहीने तोंड पुसलं. थोडा वेळ खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, आणि वर येऊन पुन्हा रांगेच्या शेवटी लागले. त्यांचं बीपी मोजून झालं होतं. तुम्ही त्यांना ओळखलं नाही असं दाखवून दुसऱ्यांदा पट्टा बांधलात, ते मात्र मला वाटतं तुम्ही जाणूनबुजून केलंत.

आजी